फिरणं सोपं, थांबणं अवघड

दिवाळीच्या आठवड्यात नातेपुत्याच्या बाजारात फटाक्यांच्या स्टॉलवर टिकल्यांची पिस्तुलं टांगलेली दिसतात. त्यातलं रिंग टिकलीचं पिस्तूल जरा वेगळ्या जातीचं. लाल कागदाच्या पट्टीऐवजी त्यात प्लास्टिकची छोटी गोल रिंग बसवायची. रिंगेला आठ टोप्या असतात. चाप ओढला की रिंग एक घर पुढं सरकते आणि घोडा पुढच्या टोपीवर आपटतो. निदान तसं व्हायला हवं. प्रत्यक्षात लक्ष्मीपूजनाला खणखणीत वाजणारं पिस्तूल पाडव्याला अधूनमधून मुकं होतं आणि भाऊबीजेपर्यंत त्याचा घोडा मागंच येईनासा होतो. पोरगं रिंग काढून बघतं, तर टोपी शाबूत असते आणि घोड्याचा वळ दोन टोप्यांच्या मधल्या जागेत उमटलेला असतो. मग ते पिस्तूल मातीच्या किल्ल्यात, मावळ्यांच्या शेजारी कायमचं जाऊन पडतं.

आठ टोप्या म्हणजे दर खेपेला ४५ अंशांची फिरकी. ती ३८ अंशांवर थांबली की घोडा प्लास्टिकवर पडणार, हे उघड आहे. या खेळण्याला दोन आजार झालेले असतात. पहिला, वेळ चुकण्याचा: रिंग जिथं थांबायला हवी तिथं थांबत नाही. दुसरा, अडकण्याचा: ती फिरतच नाही. पोरांना दोन्ही सारखेच वाटतात. मोठ्यांनाही वाटतात, आणि म्हणूनच दुरुस्तीच्या नावाखाली बरंचसं बिघडतं.

हेच दोन आजार जगात दुसऱ्या एका यंत्राच्या बाबतीत फार बारकाईनं अभ्यासले गेले आहेत. ते यंत्र म्हणजे काळ्या दारूवर चालणारं जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर आणि त्याच्या आजकाल बनणाऱ्या प्रतिकृती. अमेरिकेत आणि युरोपात अशा प्रतिकृती बाळगणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. कोल्टचं १८५१ सालचं 'नेव्ही', १८६० चं 'आर्मी', रेमिंग्टनचं १८५८ चं मॉडेल, अशा मूळ वस्तूंच्या नकला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बनत आल्या आहेत. त्यातल्या बहुतेक इटलीत, ब्रेशा शहराजवळच्या व्हाल ट्रॉम्पिया नावाच्या खोऱ्यात तयार होतात. ते खोरं बंदुका घडवण्यासाठी काही शतकांपासून प्रसिद्ध आहे. नातेपुत्यात असं रिव्हॉल्व्हर कुणाच्या घरी असण्याचं कारण नाही, आणि आपला कायदा त्याबाबत कडक आहे. पण त्याच्या पोटातली करामत इतकी शिकवणारी आहे की ती टिकल्यांच्या पिस्तुलाचा मोठा भाऊ म्हणून समजून घ्यावी.

या रिव्हॉल्व्हरला काडतूस नसतं. सिलिंडरमध्ये सहा घरं असतात. प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बाजूच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी केप चढवायची. कोकणात शेती राखायला परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते, तिचंच तत्त्व इथं सहा घरांत वाटलेलं आहे. घोडा केपेवर पडतो, केपेची ठिणगी बोंडीतून आत जाते आणि दारू पेटते. यात फिरण्याचं काम आलं कुठून? तर नळी एकच आणि घरं सहा. म्हणजे दर वेळी ६० अंश फिरून पुढचं घर नळीच्या अगदी समोर यायला हवं. 'अगदी' या शब्दावर सगळा खेळ आहे. घर नळीपासून किंचित बाजूला राहिलं तर गोळीची कड नळीच्या काठावर तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. जास्त चुकलं तर चालवणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्यांना धोका.

सॅम्युअल कोल्टची हिंदुस्थानशी जोडलेली एक गोष्ट आहे. १८३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो बोस्टनहून 'कोर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला निघाला. जहाजाचं सुकाणूचं चाक कसंही फिरवलं तरी त्याचा एक ना एक आरा अडकवणीच्या समोर येतो, हे पाहून त्याला कल्पना सुचली आणि प्रवासातच त्यानं लाकडाचा नमुना कोरला, असं सांगतात. लाकडी नमुना खरा आहे. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात तो ठेवलेला आहे. चाकाच्या कथेविषयी मात्र अभ्यासक साशंक आहेत. कारण एलिशा कोलियर या अमेरिकनाची चकमकीवर चालणारी फिरत्या घरांची हत्यारं १८१८ च्या पेटंटावर लंडनमध्ये बनत होती, त्यातली काही हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेकडं आली होती आणि कोल्टनं ती कलकत्त्यात पाहिली असण्याचा संभव आहे. मला स्वतःला ही दुसरी शक्यता जास्त पटते. पण कोलियरचं सिलिंडर बहुतेक हातानंच फिरवावं लागे. कोल्टनं १८३५ साली ब्रिटनमध्ये आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत जे पेटंट घेतलं, त्याचा गाभा होता घोडा मागं ओढण्याच्या एकाच हालचालीत सिलिंडर फिरणं आणि जागेवर कुलूपबंद होणं. फिरवण्याची कल्पना जुनी होती. नेमकं थांबवण्याची जोड कोल्टनं दिली आणि पैसाही त्यातूनच केला. १८५७ च्या उठावात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टची आणि रॉबर्ट ॲडम्सची रिव्हॉल्व्हर होती.

आता तो घोडा हळूहळू मागं ओढून पाहू. अर्थात मनातल्या मनात.

सिलिंडरच्या मागच्या तोंडाला करवतीसारखे सहा दाते कापलेले असतात. घोड्याच्या बुडाशी एक पोलादी पट्टी अडकवलेली असते. घोडा मागं जातो तशी ती वर सरकते आणि एका दात्याला ढकलते. पट्टीच्या पाठीला पातळ स्प्रिंग असते, म्हणून परत खाली येताना ती दात्यावरून घसरते. सायकलच्या फ्रीव्हीलमधली कुत्री हेच काम करतात. पॅडल थांबवल्यावर येणारा टकटक आवाज त्यांचाच. इथवर काही अवघड नाही. टिकल्यांच्या पिस्तुलातही एवढंच असतं.

पुढचा भाग खेळण्यात नसतो. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर सहा खाचा असतात आणि खालच्या चौकटीतून एक अडसर डोकं वर काढून त्यातल्या एका खाचेत बसलेला असतो. हा अडसर आत असेतो सिलिंडर जागचं हलत नाही. म्हणून घोडा मागं सरकायला लागताच पहिलं काम अडसर खाली ओढण्याचं होतं. घोड्याच्या बाजूला गुंडीसारखा एक उंचवटा असतो. तो अडसराची शेपूट उचलतो आणि डोकं खाचेतून बाहेर येतं. त्यानंतरच पट्टीनं दात्याला ढकलायला सुरुवात करायची. सिलिंडर फिरायला लागतं. पुढची खाच जवळ येत असताना, पण पोचायच्या जरा आधी, शेपूट त्या उंचवट्यावरून सुटते आणि अडसराचं डोकं सिलिंडरच्या अंगावर टेकतं. त्या जागी खाचेकडं जाणारा उताराचा छोटा मार्ग कोरलेला असतो. डोकं त्या उतारावरून घसरत जातं आणि खाचेत पडतं. ज्या क्षणी ते पडतं, त्याच क्षणी घोडा पूर्ण मागं येऊन चापाच्या टोकावर अडकला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी. ही जुळणी म्हणजेच सिलिंडरचं 'टायमिंग'.

सोडणे, फिरवणे, पकडणे, अडकवणे: चार कामं, अंगठ्याच्या एका ओढीत, आणि क्रमात एकही चूक चालत नाही. यात पट्टीची लांबी, दात्यांची उंची, अडसराच्या शेपटीचा आकार, घोड्यावरचा उंचवटा आणि चापाचं टोक एवढ्या सगळ्या मापांचा हिशेब एकत्र जुळावा लागतो. प्रत्येक भाग आपापल्या नकाशाप्रमाणे बरोबर असला तरी सगळ्यांच्या बारीक चुका एकाच दिशेला साठल्या की एकूण चूक मोठी होते. शिवाय भूमिती विरोधात आहे. पट्टी ढकलते ते दाते मधल्या दांड्याच्या जवळ असतात आणि अडसर पकडतो त्या खाचा सिलिंडरच्या बाहेरच्या कडेला. खाचा दात्यांच्या तिप्पट अंतरावर असतील तर दात्यापाशी झालेली एक दशांश मिलिमीटरची चूक खाचेपाशी तीन दशांश होते. आत ढकलायचं आणि बाहेर पकडायचं, या व्यवस्थेत चूक नेहमी वाढतच जाते.

कोल्टनं यंत्रांवर एकसारखे भाग बनवण्याचा मोठा गाजावाजा केला, तरी त्याच्या कारखान्यातही शेवटची जुळणी कानशीनंच होत असे. एकाच हत्याराच्या निरनिराळ्या भागांवर तोच क्रमांक ठोकलेला सापडतो तो त्यासाठीच. घासून एकमेकांशी बसवलेले भाग दुसऱ्या हत्यारात जाऊ नयेत म्हणून. आजच्या प्रतिकृतींचे भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जातात. तरी त्यांतल्या स्वस्त वस्तू शेवटच्या जुळणीची मेहनत वाचवून विकल्या जातात आणि ती मेहनत गिऱ्हाईकाच्या माथी येते.

दोष ओळखायची पद्धत मला दुरुस्तीपेक्षाही रंजक वाटते. समजा पट्टी आखूड पडते. मग घोडा पूर्ण मागं येऊन अडकतो, पण सिलिंडर खाचेपर्यंत पोचलेलं नसतं. बोटानं किंचित लोटलं की 'टक्' करून बसतं. गंमत अशी की घोडा झटक्यात ओढला तर हा दोष दिसतच नाही. सिलिंडरला आलेला वेग त्याला उरलेलं अंतर स्वतःच पार करून देतो. म्हणून परीक्षा घ्यायची ती अगदी सावकाश ओढून आणि सिलिंडरवर बोटाचा हलका विरोध ठेवून. याच्या उलटा दोष अडसर उशिरा पडण्याचा. सावकाश ओढलं तर सारं ठीक. जोरात ओढलं की सिलिंडर खाच ओलांडून पुढं निघून जातं, कारण अडसर पडेपर्यंत खाच गेलेली असते. एकच जडत्व एक दोष झाकतं आणि दुसरा उघडा करतं. जो माणूस फक्त एकाच वेगानं तपासतो, त्याला अर्धंच कळतं.

पट्टी लांब असेल तर तिसरीच तऱ्हा. अडसर वेळेवर खाचेत पडतो, पण घोड्याचा प्रवास बाकी असतो. पट्टी अजून ढकलते आहे आणि सिलिंडर तर कुलूपबंद झालेलं. घोडा शेवटच्या टप्प्यावर दगडासारखा अडतो. माणूस जोर करतो, आणि तो जोर पट्टी, दाता, खाच आणि अडसर यांपैकी जे सर्वांत कच्चं असेल ते खातो. अडसर फार लवकर पडत असेल तर त्याची खूण डोळ्यांनीच दिसते. सिलिंडरच्या अंगावर चहूबाजूंनी एक ओरखड्याची रेघ उमटते, कारण डोकं उताराची वाट न पाहता गुळगुळीत भागावर टेकून घासत जातं.

आणखी एक साधी युक्ती. सहाही घरांना क्रमांक द्यायचे आणि दोष कुठल्या घराला होतो ते टिपून ठेवायचं. सहाच्या सहा घरांना तोच दोष येत असेल तर तो सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे पट्टीत, अडसरात किंवा घोड्यात. एकाच घराला येत असेल तर पट्टीला हात लावू नये; त्या घराचा दाता किंवा खाच तपासावी. आणि सुरुवातीला ठीक चालून दहा-बारा बारांनंतर अडकत असेल तर यंत्रात दोषच नसण्याची शक्यता मोठी. ते मग रसायनशास्त्राचं काम.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा तिचा सगळा भाग वायू होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश संशोधकांनी १८७० च्या दशकात बंद भांड्यात दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपात मागं उरतो असं दिसलं. पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, पोटॅशियम सल्फाइड हे त्यातले मुख्य. बार उडाल्यावर दिसणारा पांढरा धूर म्हणजे बहुतांशी हेच बारीक कण. उरलेले नळीत, सिलिंडरच्या तोंडावर आणि मधल्या दांड्यावर थर धरून बसतात. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते ती जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीइतकी. ती बुजायला किती वेळ लागणार?

इथं हवामान येतं. पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणच्या दमट हवेत हा थर मऊ, चिकट राहतो. सिलिंडर फिरतं, पण सफाई उद्यावर टाकली तर सकाळी गंज दिसतो. नातेपुते महादेवाच्या डोंगरांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. इथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तोच थर कडक पापुद्र्यासारखा वाळतो आणि सिलिंडर पकडून ठेवतो. म्हणजे एकाच हत्याराचा आजार इथं माळशिरस तालुक्यात अडकण्याचा होईल आणि मालवणात गंजण्याचा. अमेरिकेतल्या हौशी लोकांचा अनुभवही असाच आहे: कोरड्या, गरम प्रदेशात काळ्या दारूची घाण जास्त जाच करते.

ती साफ कशानं करायची? रॉकेल किंवा पेट्रोलनं घासायला अनेकांचे हात शिवशिवतात, पण हे सगळे क्षार आहेत आणि क्षार तेलात विरघळत नाहीत. पाण्यात विरघळतात. गरम पाणी आणि साधा साबण हाच दीडशे वर्षांचा कसलेला उपाय. पाणी लागताच सडक्या अंड्यांचा वास येतो तो सल्फाइडमधून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. धुऊन पूर्ण कोरडं केल्यावरच तेलाचा हात द्यायचा. वापरताना वंगण म्हणून इंजिन ऑइलसारखं खनिज तेल टाळतात, कारण ते काजळीबरोबर मिसळून डांबरासारखं होतं. मेण आणि प्राण्यांची चरबी यांचं मिश्रण थर मऊ ठेवतं. टिकल्यांच्या पिस्तुलालाही हाच न्याय. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. जळाल्यावर उरतं ते पोटॅशियम क्लोराइड आणि फॉस्फरसची ऑक्साइडं. ही ऑक्साइडं ओलावा घेऊन आम्ल बनतात आणि आतली इवलीशी स्प्रिंग खातात. ओल्या फडक्यानं पुसलेलं आणि वाळवलेलं खेळणं पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतं. पण पिस्तुलात न वाजलेली टोपी शिल्लक नाही हे मोठ्या माणसानं आधी पाहावं, कारण हे मिश्रण नुसत्या घर्षणानंही पेटतं. सुट्या टिकल्या खिशात घालून पळणाऱ्या पोरांच्या मांड्या त्यामुळंच भाजतात.

मधल्या दांड्याची रचना पाहिली तर कोल्टची हुशारी दिसते. त्याचा दांडा जाड आहे आणि त्यावर आट्यांसारख्या खाचा कोरलेल्या आहेत. त्यांत ग्रीस साठतं आणि घाणीलाही बसायला जागा मिळते. रेमिंग्टनचा दांडा बारीक. त्या रिव्हॉल्व्हरची चौकट वरून बंद असल्यानं जास्त भक्कम, पण सिलिंडर लवकर अडकतं. कोल्टची चौकट वरून उघडी. नळीचा भाग दांड्याला एका आडव्या पाचरीनं धरलेला असतो. ही पाचर ठोकून जास्त आत घातली की नळी मागं सरकते आणि फट मिटते. काही प्रतिकृतींत दांड्याचं टोक नळीच्या भोकाच्या तळाला टेकतच नाही. मग पाचर किती आत घालायची याला बंधन राहत नाही आणि नळी किंचित तिरकी बसते. अशा वेळी लोक सिलिंडर घासत बसतात. दोष मात्र दांड्याच्या लांबीत असतो. तसाच एक फसवा प्रकार फुटलेल्या केपेचा. तांब्याची चिंधी घोड्याच्या फटीतून आत पडते आणि सगळं यंत्र जाम होतं. उलटं करून हलवलं की पडते. कानशीची गरज नाही.

कानस या सगळ्यात शेवटी यावी, आणि ती पहिली येते, हेच दुखणं आहे. घोडा, पट्टी, अडसर, चाप हे भाग बहुधा नरम पोलादाचे असतात आणि त्यांचा फक्त पृष्ठभाग कडक केलेला असतो. नातेपुते, सदाशिवनगर, अकलूज या पट्ट्यात ऊस आणि साखर कारखान्यांमुळं ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि यंत्रांचं काम करणारी लेथची वर्कशॉपं आहेत. तिथल्या कारागिराला 'केस हार्डनिंग' समजावून सांगावं लागत नाही: पोलादाला तापवून वरच्या थरात कार्बन मुरवायचा आणि झटकन थंड करायचं, म्हणजे वरून कडक, आतून चिवट. हा कडक थर पातळ असतो. त्यातून कानस आरपार गेली की आतलं नरम पोलाद उघडं पडतं. त्या दिवशी टायमिंग बरोबर जुळतं आणि काही महिन्यांत झिजून पुन्हा चुकतं, तेही आधीपेक्षा जास्त. शिवाय लांब पट्टी घासून आखूड करता येते. आखूड पट्टी घासून लांब होत नाही. ती नवीन घ्यावी लागते किंवा ठोकून वाढवावी लागते, आणि ठोकणं हे वेगळं कसब आहे. जाणकार कारागीर म्हणून स्वस्त आणि बदलता येणाऱ्या भागावर काम करतो. पट्टी घासेल, पण सिलिंडरच्या दात्याला हात लावणार नाही. पट्टी वाया गेली तर दुसरी मिळते. दात्याची एक चूक म्हणजे सिलिंडरच बदलायचं.

हा प्रश्न एकट्या बंदुकीचा आहे असं समजू नये. पश्चिम महाराष्ट्राच्या जत्रांतून तंबू टॉकीज फिरत, त्यांच्या प्रोजेक्टरच्या पोटात हाच पेच होता. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं दाखवायची तर फिल्म सेकंदाला २४ वेळा पुढं सरकली पाहिजे आणि तितक्याच वेळा पूर्ण थांबली पाहिजे. त्यासाठी चार खाचांचा क्रॉस आणि एक फिरता खिळा असतो. खिळ्याच्या एका फेरीतला पाव भाग क्रॉसला एक घर ढकलण्यात जातो, म्हणजे सेकंदाचा सुमारे ९६ वा हिस्सा. उरलेला पाऊण वेळ खिळ्यासोबतच्या चकतीची गोल कड क्रॉसच्या अंतर्वक्र बाजूत बसून त्याला हलू देत नाही. फिल्म सरकत असताना प्रकाश झाकायला फिरती झडप असते. झडप आणि क्रॉस यांचं टायमिंग चुकलं की श्रेयनामावलीतल्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या फुटतात. शेपूट कुठल्या बाजूला आहे ते पाहून ऑपरेटर झडप मागं-पुढं करी. क्रॉसच्या खाचा झिजल्या तर चित्र थरथरे. म्हणजे सामाईक दोष आणि एका घराचा दोष हा फरक त्यालाही करावा लागे. प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऐकत, तोही चालू खेळात.

क्रॉसची रचना रिव्हॉल्व्हरपेक्षा सरस आहे असं माझं मत. त्यात ढकलणारा आणि पकडणारा भाग एकाच चाकावर असतो, म्हणून त्या दोघांचं आपसातलं टायमिंग चुकायला जागाच नाही. कोल्टच्या यंत्रात पट्टी आणि अडसर स्वतंत्र आहेत, दोघांना वेगळ्या स्प्रिंगा आहेत आणि दोघं वेगळ्या गतीनं झिजतात. तरी हीच रचना पुढं दीडशे वर्षं बहुतेक सगळ्या रिव्हॉल्व्हरांनी थोड्याफार फरकानं उचलली. कारण क्रॉसला एकसारखं फिरत राहणारं चाक लागतं आणि अंगठ्याला ते जमत नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण हे वाचून कुणाचा हात माळ्यावरच्या जुन्या वस्तूकडं जाऊ नये. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यानं काळ्या दारूच्या अशा प्रतिकृतींना साध्या बंदुकीच्या व्याख्येतून वगळलं आहे, म्हणून तिथं लोक त्या घरच्या टेबलावर उघडून बसतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ ची व्याख्या स्फोटकाच्या किंवा इतर ऊर्जेच्या जोरावर काहीही फेकणाऱ्या प्रत्येक हत्याराला लागू होते; ते जुनं आहे की नक्कल आहे याला महत्त्व नाही. परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, आणि परवान्याशिवाय दुरुस्त करणं हा त्याहून गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्या-दुरुस्त करण्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच हत्याराला. म्हणजे ज्या कारागिराला आपण 'जरा घोडा मोकळा करून दे' म्हणतो, त्याला आपण तुरुंगाच्या दारात उभं करत असतो. जुनी शस्त्रं पाहायचीच असतील तर कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधला किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयातला संग्रह पाहावा. आणि यंत्र उघडून शिकायचं असेल तर भंगारातलं फ्रीव्हील किंवा वाजून रिकामं झालेलं टिकल्यांचं पिस्तूल त्याला पुरेसं आहे.

वाड्याच्या माळ्यावर, धान्याच्या कणगीमागं किंवा वाटणीत आलेल्या पेटीत आजोबांची ठासणीची बंदूक निघालीच, तर ती भरलेली आहे असंच धरून चालावं. घोडा ओढून बघू नये, नळीत तेल ओतू नये, सळई घालून टोचू नये, गंज काढायला वर्कशॉपमध्ये नेऊ नये. ती आहे तिथंच ठेवून नातेपुते पोलीस ठाण्याला कळवावं. नळीत कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते.